चाळिसावं पान

ओसरीवर मांडलेली पानं चाळीस होती, याबद्दल मुकुंदराव रेणापूरकरांना शंका नाही.

बाकी कशाचीच खात्री ते आता देत नाहीत. धोंडगीर बुवा आधी हसले आणि मग बोलले, की आधी बोलले आणि मग हसले, हे त्यांना दर वेळी वेगळं आठवतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने आठवणीवर भार टाकावा तरी किती...

तरी जे घडलं ते साधारण असं घडलं.

“मग ते मशीन मोडतंय कुठं?” बुवांनी विचारलं.

“मोडत नाही, बुवा. तेच तर सांगतोय. सगळं चालू असतं, दिवे लागलेले असतात. फक्त दारातून कुणालाच आत घेत नाही.”

“कामून घेत न्हाई?”

“वाट बघत बसतं म्हणून.”

बुवांनी पळसाचं एक पान उचललं, दुसऱ्यावर ठेवलं आणि बारीक काडीने टाचलं. ऐंशीला टेकलेला तो गोसावी सकाळपासून पत्रावळी लावत होता. बालाघाटच्या डोंगरात, एसटीच्या वळणावर तो मठ होता. दगडी ओसरी, मागे चूल, पुढे चिंच. येईल त्याला दुपारी जेवायला घालायचं, एवढंच मठाचं काम.

मुकुंद तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होता, नावामागे डॉक्टर होतं, आणि खांद्यावरच्या चामडी पिशवीत एक फ्लॉपी होती.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक संगणक दुसऱ्याला हाक मारतो, ‘बोलू का?’ दुसरा म्हणतो, ‘बोल,’ आणि त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवतो. मग पहिल्याने बोलायला सुरुवात करायची. पण तो बोललाच नाही तर? जागा तशीच अडून राहते. अशा शंभर जागा. कुणीतरी मुद्दाम शंभर खोट्या हाका मारल्या की शंभर जागा अडल्या. मग खरा गरजू आला तरी त्याला जागा नाही.

“चोरी न्हाई, मोडतोड न्हाई,” बुवा म्हणाले.

“काही नाही. नुसतं ताटकळत ठेवायचं.”

“हुशार हाय.”

“कोण?”

“हाका मारनारा.”

मुकुंद थोडा फुलला. तो दोष त्यानेच शोधला होता. दीड वर्ष रात्रंदिवस ज्या प्रणालीवर संस्थेने काम केलं, तिच्या पोटात त्याला तो सापडला होता. सोमवारी त्या यंत्राचं उद्घाटन होतं. पाच जिल्ह्यांच्या रुग्णालयांना त्यावरून कळणार होतं, की कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाच्या किती बाटल्या आहेत.

“मी संचालकांना सांगितलं. कारखानीस त्यांचं नाव. ते म्हणाले, ‘रेणापूरकर, सभ्य माणसांची यंत्रं एकमेकांशी असं वागत नाहीत.’ तीनदा लेखी दिलं. तिन्ही कागद गेले कचऱ्यात. आता सोमवारी सगळ्या पाहुण्यांसमोर मी ते यंत्र पाडणार. शेजारच्या खोलीतून. तयारी झालीय.” त्याने पिशवीवर हात ठेवला.

“किती येळ पाडशील?”

“तासभर. फार तर दीड.”

“आन त्या तासात कुनाला रगत लागलं तर?”

“फोन आहेत की. आजवर फोनवरच चालत होतं ना?” मुकुंदचा आवाज चढला. “आणि मी नाही पाडलं तर उद्या दुसरा कुणी पाडेल, बुवा. तो तासावर थांबणार नाही. मी निदान सांगून पाडतोय.”

बुवांनी काडी दातात धरली, पान फिरवलं.

“मग माझ्याकडं काय इचारायला आलास?”

“विचारायला नाही आलो. वडील जाताना म्हणाले होते, मोठं काम करण्याआधी मठात जाऊन ये. म्हणून आलो. सांगायला.”

“सांगितलंस.”

“हो.”

“मग जेवून जा.”

पंगत बसली. मुकुंदच्या डाव्या हाताला दोन पानं मांडलेली, पण रिकामी. दारात तिघं वाटसरू आपली पाळी येण्याची वाट बघत पायरीवर बसले होते.

“यांना इथे बसवा ना,” मुकुंद म्हणाला.

वाढणारी सोजरबाई थांबली. चुलीचं सगळं तिच्या हातात होतं. मुकुंद डॉक्टर आहे हे कळल्याबरोबर तिने त्याला आपला गुडघा दाखवला होता, आणि तो माणसांचा डॉक्टर नाही हे कळल्यावर त्याच्याशी बोलणं कमी केलं होतं.

“ती निरोपाची पानं हायती,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माणूस निरोप धाडतं, उद्या जेवायला येतो म्हणून. कंडक्टर वळणावर वरडून सांगतो, न्हाईतर कुणी वाटसरू सांगतंय. निरोप आला की पान मांडायचं. माणूस आल्याबिगर त्यावर कुणाला बसवायचं न्हाई. सांजच्याला दिवा लागला की मग उचलायचं.”

“आणि आलाच नाही तर?”

“येतंय की. लांबनं चालत यायचं म्हंजे उशीर व्हतोच.”

मुकुंदचा घास हातातच राहिला. मग तो हसायला लागला.

हात धुऊन तो सरळ बुवांपुढे जाऊन बसला.

“बुवा, तुमच्या मठातही तोच दोष आहे.”

“हाय का?”

“अगदी तोच. कुणी खोटे निरोप धाडले तर?”

“माझ्या गुरूच्या गुरूपासून चालत आलंय हे. आजवर कुनी खोटा निरोप धाडला न्हाई.”

“कारखानीस अगदी हेच म्हणतात!”

बुवांनी मान वर केली. “मग माझा आन तुझ्या सायबाचा गुरू एकच दिसतोय.”

“थट्टा नको. ओसरीवर पानं मावतात किती?”

“चाळीस. रांधायचं बी चाळिसांचंच.”

“चाळीस. म्हणजे शून्य ते एकोणचाळीस.”

“शून्य?”

“आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू होते, बुवा. पहिल्याचा आकडा शून्य, दुसऱ्याचा एक. शेवटचा एकोणचाळीस आला की चाळीस झाले.”

मागून सोजरबाईचा आवाज आला, “मग पयलं पान शून्याचं व्हय? आन शून्य जेवतंय किती?”

पायरीवरचे वाटसरू हसले. मुकुंद तांबडा झाला.

“पाडून दाखवू का तुमचा मठ?” तो म्हणाला.

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे. सुताराने लाकूड पाहावं तसं.

“हात तुझा हाय,” ते म्हणाले.

...

तालुक्याच्या एसटी स्टँडवर मुकुंदने ती शनिवारची दुपार घालवली. विद्वान माणसाने इतकं मन लावून केलेलं इतकं पोरकट काम त्या स्टँडने क्वचितच पाहिलं असेल. पानवाल्याकडून त्याने एक कागद मागून घेतला. वेळापत्रकाच्या फळ्यावरून एकेका गावाचं नाव उतरवलं, पुढे आकडा घातला. मग मठावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत चढून तो कुणाला ना कुणाला गाठू लागला. कंडक्टर, दूधवाला, माहेरी निघालेली बाई, एक आंधळा पेटीवाला.

“वाटेत मठ लागेल. तिथे एवढा निरोप सांगा, येडशीचा एक जण उद्या पंगतीला येतोय.”

“सांगतो की.”

कुणीही नाही म्हणालं नाही. कुणीही ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नाही. आंधळा पेटीवाला तर गावाचं नाव विसरू नये म्हणून ते पेटीवर गुणगुणत बसला.

प्रत्येक निरोपानंतर मुकुंद एक बारीक खूण करी. संध्याकाळी एकोणचाळीस या आकड्यापुढे खूण झाली तेव्हा त्याने कागदाची घडी घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात फ्लॉपीशेजारी ठेवली.

चाळीस झाले.

रविवारी दुपारी तो मठात आला, तेव्हा ओसरीवर चाळीस पानं मांडलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक पानाशी पाण्याचा तांब्या. मधून चालायला जागा नव्हती.

आणि माणूस एकही नव्हता.

मुकुंद चिंचेखाली उभा राहिला. बारा वाजले, साडेबारा वाजले. इतकं नेमकं, इतकं सुबक काही आपल्या हातून आजवर झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. ते वाटणं मुकुंदरावांना स्वच्छ आठवतं. तेवढं विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

एकच्या सुमाराला रस्त्याच्या कामावरची खडी फोडणारी टोळी आली. बायाबापड्या धरून बावीस माणसं. काम संपवून दुसऱ्या गावच्या कामावर पायी निघाली होती. केसांवर, पापण्यांवर दगडाचा पांढरा धुरळा.

“आरं बाबौ,” टोळीतला म्हातारा ओसरी बघून म्हणाला. “कुणाचं लगीन हाय?”

“निरोपाची पानं हायती,” सोजरबाई म्हणाली. “थांबावं लागंल.”

“थांबू की. आमाला कुठं मुहूर्त गाठायचाय?”

ती माणसं पायऱ्यांवर, चिंचेच्या मुळांवर, जिथे सावली मिळाली तिथे बसली.

दीड. दोन. भातावर झाकलेलं फडकं सोजरबाईने तीनदा उचलून पाहिलं.

“मावशे, वऱ्हाड वाटंत पेंगलं का काय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मुडदा बसला त्या चाळीस गावांचा!” सोजरबाई कडाडली. “येतो म्हनून सांगत्यात आन हितं जीव टांगणीला! बुवा, भात गार व्हायलाय.”

“व्हऊ दे,” बुवा आतून म्हणाले. ते कालच्यासारखेच पत्रावळी लावत बसले होते.

मुकुंद सावलीबरोबर सरकत होता. आता बुवा बाहेर येतील, पानं उचला म्हणतील, आणि आपण पुढे होऊन सांगू, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ ते वाक्य त्याने तोंडात घोळवून ठेवलं होतं.

बुवा बाहेर आलेच नाहीत.

मुळावर बसलेल्या एका बाईने पदराची गाठ सोडली. तिच्याजवळ मूठभर फुटाणे होते. तिने ते शेजारच्या दोघींना वाटले. मग तिचं लक्ष मुकुंदकडे गेलं.

“तुमीबी उपाशीच का, सायब?” तिने हात पुढे केला. “घ्या. थांबायचं तर कायतरी तोंडात आसावं.”

तिच्या तळहाताला चिरा होत्या, आणि त्यावर सहा-सात फुटाणे.

“नको,” मुकुंद म्हणाला.

“घ्या वो. आमाला हाय सवय.”

...

तो सरळ ओसरीच्या कडेने आत गेला.

“बुवा, ते निरोप माझे आहेत.”

बुवांनी काडी मोडली, टाका घातला.

“चाळीसच्या चाळीस. मी धाडले. कुणी येणार नाहीये. हाक मारणारा मीच.” त्याला वाटलं होतं तसा आवाज निघत नव्हता, म्हणून त्याने तो आणखी चढवला. “आता सांगा! दोष आहे की नाही? बावीस माणसं दारात उपाशी बसलीत. मी उपाशी ठेवली नाहीत, तुमच्या रिवाजाने ठेवलीत! हा रिवाज मोडा, बुवा. निरोप घेणं बंद करा. जो दारात येईल त्याला बसवा.”

“आन जो लांबनं चालत येतोय त्यो?”

“त्याने लवकर निघावं.”

“पाय आधू आसंल त्याचा.”

“तर काय! एका आधू माणसासाठी चाळीस जागा अडवणार?”

“तू अडवल्यास,” बुवा म्हणाले. “मी राखल्या.”

मुकुंदने मान झटकली. “माझ्यासारखा उद्या दुसरा येईल. त्याच्यापुढे तुमचं राखणं चालणार नाही.”

“बरूबर बोललास,” बुवा म्हणाले.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. ओसरीवर आले. पहिल्या पानाशी वाकले आणि ते उचललं. मग दुसरं, मग तिसरं. हातावर थप्पी झाली तशी ते दारात गेले, आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात एक पान दिलं.

“हे धर. आन हे घिऊन आत ये.”

म्हाताऱ्याने पानाकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. “कुठं बसू?”

“पान टेकवशील तिथं.”

फुटाणेवाल्या बाईच्या हातात दिलं. तिच्या शेजारणीच्या हातात. बावीस जणांच्या हातात बावीस पानं. ती माणसं आपापलं पान छातीशी धरून आत आली, टेकवून बसली. सोजरबाईने भाताची परात उचलली आणि एवढा वेळ तुंबलेलं सगळं तोंडावाटे सोडत वाढायला लागली.

“सोजर,” बुवा म्हणाले.

“काय?”

“उद्यापास्नं निरोप आला की पान हितं मांडायचं न्हाई. निरोप घिऊन आलंय त्याच्या हातात द्यायचं. म्हनावं, ज्याचा निरोप हाय त्याला धाड. त्यानं येताना ते संगं आनायचं. आनलं की बसवायचं, कितीबी उशीर होऊ दे.”

मुकुंद हसला. पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

“कुणीही कसलंही पान घेऊन येईल,” तो म्हणाला. “दुसरीकडून टाचून आणेल.”

“माझा टाका मला वळखू येत न्हाई व्हय?”

“कुणाकुणाला दिलं, ते लक्षात कसं ठेवाल?”

“मी कामून लक्षात ठिवू? त्याचं पान त्याच्यापाशी. मला माझा हात वळखला म्हंजे झालं.”

“आणि मीच चाळीस पानं गोळा केली तर?”

“कर की. मग चाळीस डाव डोंगर चढून तूच ये जेवायला. सोजर वाढंल.”

“बघा बाई, पोट फुटंल,” सोजरबाई म्हणाली.

मुकुंद ओसरीच्या खांबाला टेकला.

बोलायला येईल त्याच्यासाठी जागा राखायचीच नाही... त्याला एक खूण द्यायची. अशी खूण, की जी आपल्याखेरीज कुणाला करता येणार नाही. आणि विसरून जायचं. तो खूण घेऊन परत आला तर खरा. नाही आला तर आपलं काही अडलं नाही. यंत्राला काही लक्षात ठेवायचं कारणच नाही. फक्त स्वतःचा टाका...

दीड वर्ष आपण जागा वाढवता कशा येतील याचाच विचार करत होतो. शंभरच्या दोनशे, दोनशेच्या हजार.

त्याने डोळे उघडले तेव्हा बुवा उरलेली पानं उचलत होते. सतरा उचलली, थप्पी करून बाजूला ठेवली.

एक उरलं. भिंतीकडचं, टोकाचं.

ते त्यांनी उचललं नाही.

“ते राहिलं, बुवा.”

“ऱ्हाऊ दे.”

“कशाला? कुणी येणार नाहीये. सांगितलं ना, चाळीसही माझे आहेत.”

“मोजलेस?”

“माझा धंदाच मोजण्याचा आहे.”

“ते न्हाई इचारलं. मोजलेस का?”

“चाळीस!” मुकुंद ओरडला. जेवणाऱ्यांचे हात थांबले. “यादी केली होती. एकेका निरोपावर खूण केली होती. एकूण एक खोटे आहेत, बुवा! ज्याने केले तोच सांगतोय. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे?”

“मला काय ठावं? मला तर यादीबी वाचता येत न्हाई.”

“मग उचला ते पान.”

“न्हाई.”

“हा हट्ट आहे.”

“हाय.”

“मी हरलोय असं दाखवायचंय का तुम्हाला? तर हो, उपाय तुम्हाला सुचला. मला सुचला नाही. मानलं. आता उचला.”

“दिवा लागूपत्तर न्हाई.”

मुकुंद पुढे झाला आणि ते पान उचलायला वाकला.

बुवांनी त्याला अडवलं नाही. ते नुसते पानाच्या पलीकडे मांडी घालून बसले, जणू समोर कुणी जेवतंय आणि आपण आग्रहाला बसलोय.

मुकुंदचा हात पानापासून वीतभर अंतरावर होता. किती वेळ होता, कोण जाणे. मुकुंदरावांना वाटतं बराच वेळ. सोजरबाईच्या मते तेवढ्या वेळात तिने एकच वाढप केलं.

मग त्याने हात मागे घेतला.

“तुम्ही हट्टी आहात,” तो म्हणाला.

“बस चुकंल तुझी,” बुवा म्हणाले. “दोन घास खा आन जा.”

चारच्या गाडीत बसल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. वळणावरून ओसरीचं टोक दिसत होतं. बुवा तसेच बसलेले. समोर ते पान.

...

त्या रात्री पुण्याला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात आकडेमोड चालू होती. घरी गेल्यावर त्याने फ्लॉपीवरचं सगळं पुसलं आणि त्याच फ्लॉपीवर नवीन उतरवायला सुरुवात केली. सकाळी नऊला ती कारखानिसांच्या टेबलावर ठेवली, सोबत चार कागद.

“हे आज बसणार नाही, रेणापूरकर. पाहुणे निघालेत. तुम्ही फक्त सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही करा.”

“नाही करणार.”

“तुमच्या बढतीची फाईल याच टेबलावर आहे.”

“दिसतेय मला.”

“एका सहीसाठी अडवून धरणार तुम्ही सगळं?”

“हो,” मुकुंद म्हणाला. “दुरुस्ती बसेपर्यंत.”

आणि तो समोरच्या खुर्चीवर मांडी घालून बसला. खुर्चीवर मांडी घालायची पद्धत त्या संस्थेत नव्हती.

उद्घाटन सात आठवडे पुढे गेलं. दुरुस्ती बसली. बढती मिळाली नाही, ती पुढेही कधी मिळाली नाही.

मठात तो पुन्हा गेला नाही. गेला असता तर त्या पानाचं काय झालं हे विचारावं लागलं असतं, आणि त्याला उत्तर ठाऊक होतं. दिवा लागला असेल, पान उचललं असेल. बुवांचा तो एक हट्ट फुकट होता, बाकी सगळं खरं होतं. असं तो स्वतःला सांगत आला. पाच-सहा वर्षांनी बुवा गेल्याची बातमी आली, तेव्हाही तो गेला नाही.

सव्वीस वर्षांनी घर बदलताना ती चामडी पिशवी माळ्यावरून खाली आली. आतल्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद होता. पानवाल्याचा. त्यावर काताचा डाग.

गावांची नावं. प्रत्येक नावापुढे बारीक खूण. आणि आकडे.

आकडे मराठीत होते. मुकुंदरावांनी चष्मा पुसला. ते उभ्या आयुष्यात कामाचे आकडे मराठीत लिहीत नसत. पण त्या दिवशी गावांची नावं मराठीत, म्हणून आकडेही मराठीत आले असावेत. आणि मराठीत हात आपोआप तिथूनच सुरू झाला होता, जिथून वडिलांनी पाटीवर गिरवायला शिकवलं होतं.

पहिल्या गावापुढे १ होता.

शेवटच्या गावापुढे ३९.

त्यांनी ओळी बोटाने मोजल्या. मग पेन्सिलने मोजल्या. मग बायकोला मोजायला लावल्या.

“एकोणचाळीस,” ती म्हणाली. “का हो? काय झालं?”

दुसऱ्या दिवशी ते एसटीत बसले.

मठ तोच होता. दारात खुंटीला पळसाच्या टाचलेल्या पत्रावळी टांगलेल्या होत्या, निरोप घेऊन येणाऱ्यांना द्यायला. सोजरबाई चुलीशी नव्हती आता, चुलीशेजारी बाजेवर होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

“मशीनचा डाक्टर!” ती म्हणाली. “आन माझा गुडघा तसाच हाय बघा.”

मुकुंदराव बाजेच्या कडेला बसले. कागद त्यांच्या हातात होता, पण तो दाखवण्यात अर्थ नव्हता.

“सोजरबाई, त्या दिवशी मी गेल्यावर... ते पान.”

“कोन्तं?”

“भिंतीकडचं. बुवा ज्याच्यासमोर बसले होते.”

“त्ये व्हय.” तिला आठवायला वेळ लागला नाही. “आला की त्यो.”

मुकुंदरावांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

“मी दिवा लावायलाच वाकले व्हते. घाटात गाडी बंद पडली म्हनून तिथनं पायी आला. एक पाय आखूड, काठी टेकत. घामानं नुसता निथळत हुता बिचारा.”

“कोण होता?”

“नाव कोन इचारतंय, सायब? जेवला, निजला, सकाळी गेला.”

“आणि बुवा? बुवा काय म्हणाले त्याला?”

सोजरबाईने बाजेवरून ओसरीच्या त्या टोकाकडे पाहिलं.

“त्यो दारातच उभा ऱ्हायला. आत यीना. म्हनला, लई उशीर झाला म्हाराज, माझं पान उचललं आसंल. दुपारपास्नं गार पडलेलं पान त्ये, कडा वळल्या व्हत्या त्याच्या. बुवांनी पुढं सरकिवलं. म्हनले...”

“काय?”

“म्हनले, ‘आत्ताच मांडलंय. बस.’”